ओल्या सरपणाचे ओझे

बंगळूर शहराचे रस्ते १९०५ साली विजेच्या दिव्यांनी उजळले. कावेरीच्या शिवनसमुद्र येथील धबधब्यावर निर्माण झालेली वीज तारांवरून या शहरापर्यंत आली, तेव्हा हिंदुस्थानातील फारच थोड्या शहरांना असे भाग्य लाभलेले होते. परंतु दिव्याखाली अंधार म्हणतात तो येथेही होताच. ज्या घरासमोर विजेचा दिवा जळत असे, त्याच घराच्या मागल्या पडवीत गृहिणी चुलीशी बसून, डोळे पुशीत, फुंकणीने ओले लाकूड पेटविण्याची खटपट करीत असे. रस्त्यावर विसावे शतक उगवले होते. चुलीपर्यंत त्याला पोहोचावयास पुढे पाऊणशे वर्षे लागली आणि काही चुलींपर्यंत ते अद्यापही पोहोचलेले नाही.

या शहरात प्रथमच येणाऱ्या मराठी माणसाला एका पाटीने क्षणभर गोंधळात टाकले असेल. ‘सौदे डिपो’ अशी ती पाटी. सौदा म्हणजे व्यवहार, तेव्हा येथे कसले सौदे होतात, असे कुतूहल मराठी वाचणाऱ्याला वाटावे हे साहजिक आहे. कानडीत सौदे म्हणजे सरपण. सौदे डिपो म्हणजे लाकडाची वखार. मात्र मराठी अर्थही तेथे अगदीच अस्थानी ठरत नाही; कारण या वखारीत जो सौदा होतो तो बहुधा विकत घेणाऱ्याच्या अंगावर येणारा असतो. तो कसा, हे समजून घ्यावयाचे तर लाकडाच्या पोटात काय असते तेथून आरंभ करावा लागतो.

आज बंगळुरातील बहुसंख्य घरांत गॅसची शेगडी आहे. तथापि लाकूड शहरातून हद्दपार झालेले नाही. लग्नकार्याच्या मोठ्या स्वयंपाकघरांत, काही जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्यांत, स्मशानभूमीत, शहराभोवतीच्या वीटभट्ट्यांत ते जळते. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या रामनगर येथे रेशीमकोषांचा प्रचंड बाजार भरतो; कोष उकळून त्यांतून धागा काढणाऱ्या छोट्या कारखानदारांचा आधारही पिढ्यान्‌पिढ्या लाकूडच होता. खेड्यांत तर गॅसचे नळकांडे घरात असूनही अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी सरपणच लागते, कारण बादल्या-बादल्या पाणी गॅसवर तापविणे परवडत नाही. कोकणातल्या किंवा देशावरच्या ज्या घरात अजून तांब्याचा बंब आहे, तेथील माणसांना हे निराळे सांगावयास नको.

हे लाकूड येते कोठून? एके काळी ते जंगलातून येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेतील आगगाड्यांची इंजिने मोठ्या प्रमाणात लाकडावर चालत आणि मद्रासकडील किनाऱ्यावर सुरूची बने वाढली ती मुख्यतः त्या भुकेपोटी. पुढे निलगिरीची पाळी आली. बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या नंदी डोंगरावर टिपू सुलतानाच्या काळी, सुमारे १७९० साली, ही ऑस्ट्रेलियातील झाडे प्रथम लावली गेली असे मानले जाते. तेथून निघालेली ‘म्हैसूर गम’ नावाने ओळखली जाणारी जात कोलार, होसकोटे, देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर या कोरड्या मुलखात शेतोशेती पसरली. ती लावली की राखण लागत नाही, गुरे तिला तोंड लावीत नाहीत, पाच-सात वर्षांनी तोडली तरी बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. शेतावर न राहणाऱ्या मालकाला याहून सोयीचे पीक कोणते? तिच्या पाणी पिण्याविषयी तक्रारी वाढत गेल्या आणि अखेर २०१७ साली कर्नाटक सरकारने तिच्या नव्या लागवडीस मनाई केली. जुनी झाडे मात्र अजून उभी आहेत, तुटत आहेत आणि त्यांचे लाकूड गावोगाव पडलेले आहे. खासगी जमिनीवरील निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ या झाडांना कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने तोडीच्या परवान्यातून मोकळीक दिलेली असल्यामुळे शेतकऱ्याचा हात त्यांच्यावरच प्रथम पडतो.

या साऱ्या व्यवहाराकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे काम बंगळुरातच झाले. जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिला तेथील रिक्षावाले आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतात, प्राध्यापक अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली ‘अस्त्र’ नावाचे एक केंद्र उभे केले. ग्रामीण भागाला विज्ञानाचा उपयोग व्हावा, हा त्याचा हेतू. विद्युत्‌रसायनशास्त्रात नाव मिळविलेल्या या माणसाने चुलीचे आणि मोळीचे गणित मांडावे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. या केंद्राने तुमकूर जिल्ह्यातील पुरा व आसपासच्या खेड्यांची घरोघर पाहणी केली. तिचा वृत्तांत १९८२ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातील ऊर्जा म्हणजे मुख्यतः सरपण, ते गोळा करतात मुख्यतः बायका आणि मुले, आणि ते बव्हंशी तोडलेल्या झाडांचे नसून वेचलेल्या काटक्यांचे व फांद्यांचे असते, असे त्यातून दिसले. पाठोपाठ १९८३ साली सुधाकर रेड्डी आणि अमूल्य रेड्डी यांनी बंगळूर शहराच्या सरपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘स्तरांत विभागलेला समाज’ असा शब्दप्रयोग होता. उत्पन्नाची पायरी चढावी तसतसे घर सरपणापासून दूर जाते, आधी रॉकेलकडे आणि मग गॅसकडे. खालच्या पायरीवरच्या घराला मात्र लाकडावाचून गती नसते. शहर आपल्या चुलीसाठी दूरदूरचा मुलूख ओरबाडते आणि त्या शहरात चुलीपाशी राहतो तो गरीब, असे हे दुहेरी चित्र होते.

आता त्या लाकडाच्या पोटात शिरू.

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ साली सुरू झालेल्या वनसंशोधन प्रयोगशाळेत तिचे मूळ आहे. काष्ठविज्ञान सांगते की लाकडातले पाणी दोन प्रकारचे असते. एक, पेशींच्या पोकळ्यांत भरलेले मोकळे पाणी; दुसरे, पेशींच्या भिंतींत मुरलेले. पहिले पाणी चटकन निघून जाते. दुसरे जावयास वेळ लागतो, आणि ते जाऊ लागले म्हणजे लाकूड आक्रसते व त्याच्या टोकांना भेगा पडतात. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात साधारणपणे निम्मे पाणी असते, असे धरावयास हरकत नाही. म्हणजे एक टन ओले लाकूड तोडले, तर लाकूड ५०० किलो आणि पाणी ५०० किलो. तेच लाकूड उन्हावाऱ्याने वाळून पाण्याचे प्रमाण पाचव्या हिश्शावर आले की त्याचे वजन ६२५ किलो भरते. उरलेले ३७५ किलो पाणी सूर्याने फुकट उचलून नेले.

हे न करता जो ओले लाकूड वाहतो, तो पाण्याची वाहतूक करतो. ट्रक असो, बैलगाडी असो, बाईचे डोके असो. वीस किलोच्या मोळीत दहा किलो पाणी घेऊन चालणाऱ्या बाईला दुसऱ्या हाताने विहिरीवरूनही पाणी आणावयाचे असतेच.

आणि वखारीतला सौदा? लाकूड किलोवर विकले जाते. हिशोबासाठी भाव किलोला १० रुपये धरला, तर १०० किलोंचे १,००० रुपये झाले. लाकूड निम्मे ओले असेल तर गिऱ्हाइकाच्या पदरात खरे लाकूड पडले ५० किलो, म्हणजे किलोला २० रुपये पडले. वाळलेल्या लाकडात हाच भाव साडेबारा रुपये पडतो. तराजू बरोबर, माप चोख, विक्रेता प्रामाणिक. तरीही गिऱ्हाईक नाडले जाते. श्रीमंत गिऱ्हाईक उन्हाळ्यात गाडीभर लाकूड घेऊन परसात रचू शकते. ज्याच्याकडे परसू नाही, छप्पर नाही आणि आजच्या मजुरीतून आजचीच चूल पेटवावयाची आहे, तो रोज पाच किलो घेतो आणि जे मिळेल ते घेतो. लाकूड वाळविण्यास पैसा लागत नाही असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. त्यास जागा लागते, छप्पर लागते आणि थांबण्याची ऐपत लागते.

ओले लाकूड जाळताना काय होते, याविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. पाण्याची वाफ करण्यातच सगळी उष्णता खर्च होते, म्हणून ओले लाकूड कमी तापते, अशी ती समजूत. हिशोब मांडला तर ती अपुरी ठरते. एक किलो पूर्ण कोरडे लाकूड जळताना सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते. निम्म्या ओल्या लाकडात या एका किलोबरोबर एक किलो पाणी असते. त्याची वाफ करावयास सुमारे ६२० किलोकॅलरी लागतात. म्हणजे नुकसान सातव्या हिश्शाचे. हे काही थोडे नव्हे. पण स्वयंपाक दुप्पट वेळ रेंगाळतो, त्याचे कारण एवढ्याने उलगडत नाही. खरे नुकसान निराळे आहे. लाकूड तापले की त्यातून प्रथम ज्वलनशील वायू आणि डांबरासारखे पदार्थ बाहेर पडतात, आणि ज्वाला म्हणजे हे वायूच जळत असतात. पाण्याने चुलीचा जाळ थंड ठेवला, की हे वायू न जळता तसेच वर जातात. त्यांनाच धूर म्हणतात. धूर म्हणजे न जळलेले सरपण. छताला, भांड्यांच्या बुडांना आणि बाईच्या फुप्फुसांना जे काळे चिकटते, ते विकत घेतलेले किंवा तीन कोसांवरून डोक्यावर आणलेले जळणच असते. घरातल्या चुलींच्या धुरामुळे २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे ६ लाख माणसे दगावली, असा वैद्यकीय संशोधकांचा अंदाज आहे. सगळा दोष ओल्या लाकडाचा नाही. कोरडे लाकूडही तीन दगडांच्या चुलीवर धुरकटतेच. परंतु तोच दगड, तीच बाई आणि तेच लाकूड घेऊन केवळ ते आधी वाळविले तर धूर किती कमी होतो, हे ज्या घरात दोन्ही प्रकार अनुभवले आहेत तेथे विचारावे.

यंत्रांनी या बाबतीत माणसांपेक्षा अधिक स्वाभिमान दाखविला आहे. तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या छोट्या खेड्यात विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली लाकडापासून वायू तयार करून त्यावर वीज निर्माण करण्याचे यंत्र बसविले. आरंभी त्याची शक्ती ४ किलोवॅटहूनही कमी होती; पण दिवे लागले, पिण्याचे पाणी चढविले गेले. या यंत्राला लाकूड लागे ते लहान तुकड्यांचे आणि चांगले वाळलेले. ओले लाकूड घातले की वायू बिघडतो आणि इंजिन बंद पडते. त्यामुळे लाकूड तोडणे, त्याचे तुकडे करणे आणि ते वाळविणे हा तेथे यंत्राच्या देखभालीचाच भाग झाला. ‘अस्त्र’च्या सुधारलेल्या चुलीचेही तसेच. तिला जाळी, धुराडे आणि बंद पोकळी असल्यामुळे प्रयोगशाळेत तिने जुन्या चुलीच्या कितीतरी पट काम दिले. परंतु तिच्या तोंडात बारीक चिरलेले, सुके लाकूडच बसते. यंत्र ओले लाकूड नाकारते. ओले लाकूड नाकारण्याची सोय चुलीपुढच्या बाईला नसते.

तेव्हा वाळविण्याचे काम कसे करावयाचे, ते पाहू. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. तेथे पाऊस जूनमध्ये सुरू होतो खरा. पण सर्वाधिक पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून महाराष्ट्रातला शेतकरी दसऱ्यानंतर जे काम काढतो ते तेथे दिवाळीनंतरच काढता येते. तोड नोव्हेंबर-डिसेंबरात व्हावी. जानेवारीपासून मार्चपर्यंत दुपारची हवा अत्यंत कोरडी असते, वारा असतो. लाकडाला याहून चांगले दिवस मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये मात्र संध्याकाळी अचानक गडगडाट होऊन वळीव कोसळतो. आंब्याला तो मानवतो, उघड्या थप्पीला मानवत नाही. म्हणून उन्हाळाभर पाऊस नाही अशा भ्रमात न राहता मार्चअखेरपूर्वीच थप्पीच्या माथ्यावर पत्रा किंवा झापे घातलेली असावीत. विदर्भात हीच घाई मे महिन्याच्या अखेरीस केली तरी चालते. कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर केलेल्या घाईस अर्थ राहत नाही.

निलगिरी आणि सुरू ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर तिचे तंतू असे काही आवळून येतात की कुऱ्हाड उसळते, पाचर रुतून बसते आणि फोडणाऱ्याचा खांदा उतरतो. पुष्कळ शेतकरी ओंडके आधी वाळू देतात आणि मग फोडणाऱ्याला दुप्पट मजुरी देतात. हा उलटा क्रम होय. शिवाय न फोडलेला, सालीसकट पडलेला ओंडका वाळत नाही, नुसता जुना होतो. पाणी लाकडाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडते; साल तर त्याला जवळजवळ अडवूनच धरते. म्हणून तुकडे आखूड करावेत, हातभर लांबीचे, आणि मनगटापेक्षा जाड असेल ते चिरावे. एवढे केले तर दख्खनच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत लाकूड चुलीजोगे होते. नॉर्वेसारख्या थंड देशात त्याच कामाला वर्ष-दीड वर्ष लागते आणि तेथील माणसे आपल्या थप्प्यांच्या रचनेचा अभिमान बाळगतात. सूर्याने ज्यांना उधळ्या हाताने दिले त्यांनी मात्र लाकडाचा ढीग अंगणाच्या कोपऱ्यात फेकून ठेवावा, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

ढीग आणि थप्पी यांत फरक आहे. ढिगाच्या पोटात हवा खेळत नाही. तेथे बुरशी येते आणि विंचू राहावयास येतात. थप्पी दगडांवर किंवा दोन आडव्या वाशांवर, जमिनीपासून वीतभर उंच असावी. बंगळूरच्या तांबड्या मातीत वाळवी अमाप. लाकूड मातीला टेकले की पहिल्याच पावसात ते तिच्या मालकीचे होते. थप्पीची लांब बाजू वाऱ्यासमोर असावी आणि रुंदी एका तुकड्याएवढीच ठेवावी. दोन टोकांना तुकडे आडवे-उभे रचून खांब केले की मधली रास घसरत नाही. वरून छप्पर, चारी बाजू मोकळ्या. पुष्कळ जण प्रेमाने थप्पीला सर्व बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळतात. त्यामुळे पाऊस आत जात नाही हे खरे, पण लाकडातून निघालेली वाफही बाहेर जात नाही. सकाळी त्या कागदाच्या आतल्या बाजूवर थेंब दिसतात ते त्याचेच.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत. टोकाला भेगा पडतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर ओल्याचा आवाज बद्द येतो आणि सुक्याचा टणटणीत. सर्वांत विश्वासार्ह खूण तराजूची. थप्पी रचतानाच तीन-चार तुकडे निवडून, वजन करून, त्यांवर ते कोळशाने लिहून ठेवावे आणि आठवड्याच्या बाजाराला जाताना पुन्हा तोलावे. वजन उतरावयाचे थांबले म्हणजे हवेला जेवढे पाणी घ्यावयाचे होते तेवढे तिने घेतले.

आणि आता, इतके सगळे झाल्यावर, ट्रॅक्टर. त्याचा उल्लेख इतक्या उशिरा येण्याचे कारण हेच की त्याचे कामही इतक्या उशिराच यावयास हवे.

लहान ट्रॅक्टराशी बंगळूरचा संबंध जुना आहे. जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्याने पॉवर टिलर आणि पुढे लहान ट्रॅक्टर बनविणारी व्ही. एस. टी. टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी १९६७ साली याच शहरात स्थापन झाली. महाराष्ट्रात असे लहान ट्रॅक्टर नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत वेलींच्या ओळींमधून फिरताना दिसतात. पंधरा-वीस अश्वशक्तीचा, वजनाने बहुधा हजार किलोंच्या आतला हा ट्रॅक्टर निलगिरीच्या दोन ओळींमधून जातो, बांधाच्या अरुंद वाटेने वळतो आणि एखाद्या टनाची ट्रॉली ओढतो. जेथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही आणि बैल आता उरले नाहीत, तेथे तो मोठाच आधार होय.

पण तो हाती आला की मनुष्याला घाई होते. झाड पडले की लगेच भरावे आणि घरी आणून टाकावे, असे वाटते. दहा टन ओल्या तोडीच्या दहा खेपा होतात. तेच लाकूड तोडीच्या जागीच, बांधाच्या कडेला रचून तीन महिने ठेवले तर सव्वासहा टन उरते. तेथे एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लाकूड वाळले की वजन घटते, आकारमान फारसे घटत नाही. छोट्या ट्रॉलीचा हौदा वजनाने भरण्याआधी जागेनेच भरतो, आणि मग शेतकरी बाजूंना वासे उभे करून लाकूड उंचच उंच रचतो. खेपा वाचतात, पण भाराचा तोल वर जातो आणि उतारावरच्या एका चाकोरीत ट्रॉली कलंडते. चार फळ्यांनी हौदा थोडा वाढवावा, दोरखंडाने भार आवळावा आणि एक खेप जास्त करावी, हे शहाणपणाचे.

ज्याने लाकडाचे काम केले आहे त्याला ठाऊक असते की थकवा येतो तो लाकूड वाहण्याने नव्हे, तर तेच लाकूड पुनःपुन्हा उचलण्याने. तोडताना उचलले, ओढून आणताना उचलले, फोडताना, रचताना, ट्रॉलीत भरताना, उतरविताना, घरी पुन्हा रचताना आणि अखेर चुलीपाशी नेताना. प्रत्येक तुकड्याला आठ वेळा हात लागतो. लहान ट्रॅक्टराचे खरे कौशल्य हे आठ हात पाचांवर आणण्यात आहे. तुकडे लाकडी चौकटीच्या पेटाऱ्यातच रचावेत, ते तेथेच वाळावेत, आणि वाळल्यावर ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिकवर पेटाराच उचलून तो छपराखाली ठेवावा. म्हणजे भरणे, उतरविणे आणि पुन्हा रचणे ही तीन कामे वाचतात. असा भार मागे उचलला की पुढची चाके हलकी होतात. म्हणून पुढे वजने अडकवावीत आणि पेटारा जमिनीपासून जेमतेम वर ठेवून हळू चालवावे.

याच ठिकाणी माणसे दगावतात. ओंडका साखळीने ओढताना साखळी ट्रॅक्टरच्या उंच भागाला बांधली आणि ओंडका बुंध्याला अडकला, की मागची चाके जागीच रुततात आणि ट्रॅक्टरचे तोंड वर उठून तो चालविणाऱ्याच्या अंगावर उलटा येतो. हे घडावयास सावध होण्याइतकाही वेळ लागत नाही. ओढ नेहमी मागच्या आसाच्या खाली असलेल्या हुकालाच द्यावी. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड असते आणि ती त्याला ढकलू लागते. तेथे क्लच दाबून गाडी मोकळी सोडणे म्हणजे आत्मघात. ज्या गिअरने चढ चढला त्याच गिअरने उतरावे. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक सुटा वापरतात. रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही खिट्टीने जोडलेच पाहिजेत. पॉवर टिलरला ट्रॉली लावणाऱ्याने आणखी एक विचित्र गोष्ट ध्यानात ठेवावयाची: सपाटीवर डावी मूठ दाबली की यंत्र डावीकडे वळते, पण तीव्र उतारावर भार मागून ढकलत असताना तीच मूठ त्याला उजवीकडे वळवते. नव्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते, आणि कळते तेव्हा तो खड्ड्यात असतो. सायंकाळी शहराच्या मोठ्या रस्त्याने येणारी, मागे तांबडी चकती किंवा दिवा नसलेली लाकडाची ट्रॉली हा तर दुसऱ्यांच्याही जिवाशी खेळ आहे.

ट्रॉलीमुळे आणखी एक बदल घडतो, त्याची चर्चा सहसा होत नाही. पुऱ्याच्या पाहणीत दिसले की गरिबाची चूल काटक्यांवर पेटते. तोड झाली की जाड लाकूड मालकाचे आणि डहाळ्या वेचणाऱ्यांच्या, असा अलिखित रिवाज पुष्कळ गावांत असे. बैलगाडीच्या काळात डहाळ्या वाहणे मालकाला परवडत नसे. ट्रॉली दारात असली की तोही शेत झाडून नेतो आणि वीटभट्टीला विकतो. कायद्याने त्यात काही गैर नाही. मात्र त्या दिवसापासून कोणाच्या तरी डोक्यावरची मोळी आणखी दूरच्या माळावरून येऊ लागते. डहाळ्यांची ट्रॉली वजनाला हलकी आणि पैशाला त्याहून हलकी असते. त्या शेतातच राहू दिल्या तर मालकाचे नुकसान अगदी थोडे आणि शेजारणीचा दिवस वाचतो.

वखारीच्या सौद्याकडे पुन्हा वळावयाचे तर त्यावर उपायही फार अवघड नाहीत. जळाऊ लाकूड रचलेल्या थप्पीच्या मापाने, म्हणजे लांबी, रुंदी, उंची मोजून विकण्याची पद्धत अनेक देशांत आहे. थप्पीच्या मापात पाण्याला किंमत नसते, म्हणून ओले लाकूड विकण्यात विक्रेत्याला फायदा उरत नाही. रोज पाच किलो घेणाऱ्याला थप्पीचे माप उपयोगी नाही, हेही खरे. त्याच्यासाठी वखारवाल्यानेच लाकूड वाळवून, दोन भाव ठेवून विकावे लागेल. एक टन लाकूड ६२५ किलो होते तेव्हा वखारवाल्याच्या विक्रीतले ३७५ किलो नाहीसे होतात. ते त्याने कशासाठी सोसावेत? सुक्याचा भाव दीडपटीहून थोडा अधिक ठेवला तर त्याचे नुकसान होत नाही, आणि गिऱ्हाइकाला त्याच पैशांत तेवढेच खरे लाकूड, कमी ओझे आणि कमी धूर मिळतो. सहकारी संस्थेने, ग्रामपंचायतीने किंवा महिलांच्या बचत गटाने एक पत्र्याचे छप्पर उभारले आणि एक लहान ट्रॅक्टर भाड्याने घेऊन फेब्रुवारी ते मे एवढेच चार महिने चालविला, तरी एका वस्तीचे पावसाळ्याचे सरपण कोरडे राहू शकेल. छपराखाली थप्प्या दोन ओळींत असाव्यात, मधून ट्रॉली मागे घेता येईल एवढी वाट असावी, प्रत्येक थप्पीवर रचल्याची तारीख खडूने लिहिलेली असावी, आणि जुन्या तारखेची थप्पी संपल्यावाचून नवीला हात लावावयाचा नाही, एवढा नेम पाळला जावा.